आडनाव प्रायव्हेट

"नाव?"

वर्गाच्या दारात उभं राहून सर विचारायचे. मुलगा नाव सांगायचा आणि सवयीने पुढे आडनावाकडे वळला की सरांचा पंजा वर जायचा, चौकातला हवालदार गाडी अडवतो तसा. "पुरे. आडनाव प्रायव्हेट. आत ये."

साठेक मुलं अशी एकेक करून आत जायची. तोवर कॉरिडॉरमध्ये ही गर्दी. शेजारच्या वर्गातले अकाउंट्सचे प्राध्यापक बाहेर डोकावून जायचे, इथे प्रसाद वाटतायत की काय म्हणून. सर ढिम्म. दर डिसेंबरात फर्स्ट इयरचं दुसरं सेमिस्टर सुरू झालं की आमच्या मालाडच्या कॉलेजात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशा असा दारातच व्हायचा. श्रीगणेशा हा शब्द माझा. ते "स्टार्ट" म्हणायचे.

ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध मोबाइलपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या पद्धतीत प्रत्येक गोष्ट ही एक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, धरायची. तिची माहिती, म्हणजे तिची स्टेट, तिच्याच पोटात ठेवायची. आणि बाहेरच्याने तिला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे आधीच ठरवून टाकायचं. जे विचारता येतं ते पब्लिक, जे येत नाही ते प्रायव्हेट. प्रायव्हेट बाहेरून मागितलं तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, मशीन तो आधीच नाकारतं. पुस्तकात हे सगळं आठव्या-नवव्या पानावर येतं. सर ते दारातच उरकायचे.

तास संपायला पाच मिनिटं उरली की ते फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाचं नाव घ्यायचे. फक्त नाव. एकही चुकायचं नाही. मागच्या बाकावर हुडी ओढून झोपलेल्याचंही यायचं, आणि तो दचकून जागा व्हायचा. पुढचं वर्षभर ती पोरं त्यांच्यासाठी काहीही करायला तयार असायची. आम्ही बाकीचे मास्तर "ए, लास्ट बेंच, ब्लू शर्ट" म्हणून ओरडायचो आणि पोरं आमच्याकडे बघायचीही नाहीत.

त्या विषयाची ए डिव्हिजन त्यांची, बी माझी. त्यामुळे बारा-तेरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही आडनाव विचाराल. मी तुम्हाला ओळखते, कारण मीही तुमच्यातलीच. नवा माणूस भेटला की आपण "गाव कोणतं तुमचं?" असं आडून विचारतो, आणि उत्तरातून हवं ते काढून घेतो. माझं आडनाव ऐकून लोक खूश होतात, आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तर फारच. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

सर मूळचे मराठवाड्याकडचे. वडील मुंबईत आले ते वाकोल्याला, आणि सर अजून तिथेच, झोपडपट्टीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका इमारतीत राहायचे. सकाळी स्कूटरवरून हायवेने मालाडला यायचे. घरात बुद्धाची छोटी मूर्ती आहे, हे मला माहीत होतं. त्यापलीकडे काही विचारायचं नाही हेही माहीत होतं. एकदा आमच्या विभागप्रमुखांनी चहा पिताना छेडलं, "सर, नाव पब्लिक आणि आडनाव प्रायव्हेट, असं का हो? दोन्ही स्ट्रिंगच ना, नुसती अक्षरं?"

सरांनी उलट विचारलं, "सर, रिक्षाचा मीटर बघितलाय? त्याच्या आत हात घालता येतो?"

"नाही."

"का नाही?"

"फिरवतील ना लोक."

"तेच," असं म्हणून सरांनी बिस्कीट चहात बुडवलं.

रिक्षा हे त्यांचं आवडतं उदाहरण. पुस्तकातलं डॉग आणि कॅट त्यांना चालायचं नाही. "पोरं वन बीएचकेत राहतात, कुत्रा कुठे ठेवणार?" क्लास म्हणजे रिक्षाचा आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे स्टेशनबाहेर उभी असलेली, "नाही जायेगा" म्हणणारी खरी रिक्षा. दर वर्षी दोन-चार पोरं क्लास म्हणजे ही खोली समजून बसायची, कारण मराठी शाळेत दहा वर्षं क्लास म्हणजे वर्गच ऐकलेला. सर त्यांना हसायचे नाहीत. "बरोबर आहे तुझं. हा पण क्लासच. यातून बघू आता काय काय ऑब्जेक्ट निघतात ते."

प्रोग्रॅममध्ये कुणी वस्तूंना ए, बी, सी अशी आळशी नावं दिली तर मार्क कापायचे. "ऑब्जेक्टला नाव ठेवा. माणसाला नावं ठेवू नका," हे त्यांचं वाक्य पोरांनी लॅबच्या दारावर मार्करने लिहिलं होतं. शिपायाने ते दोनदा पुसलं आणि दोनदा परत आलं.

पण मला आवडायचा तो त्यांचा वारशाचा तास. एका क्लासकडून दुसऱ्याला गुण मिळतात, त्याला इनहेरिटन्स म्हणतात. सर विचारायचे, "बापाकडून काय काय मिळतं?" पोरं सांगायची, नाक, टक्कल, कर्ज, खोली. "मिळतं. पण मिळालेलं तसंच वापरलं पाहिजे असं नाही. ओव्हरराइड करता येतं. येत नसतं तर आपण इथे कशाला आलो असतो?" एवढं म्हणून ते फळ्याकडे वळायचे. मी माझ्या वर्गात हे वाक्य एकदा वापरून पाहिलं. माझ्या तोंडी ते शोभलं नाही.

मग ते दुखणं आलं. आणि ते असं वेषांतर करून आलं की कुणाला ओळखता येऊ नये.

आधी डस्टर गेला. "ए, ते ऑब्जेक्ट दे रे," सर म्हणाले. पोरं खळखळून हसली. ज्याच्यासाठी सगळं जगच ऑब्जेक्ट, तो मास्तर डस्टरलाही ऑब्जेक्टच म्हणणार. मग स्टाफरूममध्ये सुरू झालं. "मॅडम, ते ऑब्जेक्ट कुठे गेलं?" म्हणजे स्कूटरची किल्ली. "आज ऑब्जेक्ट आणलं नाही," म्हणजे डबा. आम्हाला इतकी मजा वाटली की आम्हीही तसंच बोलू लागलो. कॅन्टीनवाल्याला कुणीतरी दोन ऑब्जेक्ट आणि एक कटिंग सांगितलं, आणि त्याने दोन समोसे आणले. सगळं डिपार्टमेंट तेव्हा हसत होतं. दुसऱ्या कुठल्या विषयाचा मास्तर असता, तर महिनाभरात कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

तोंडी परीक्षेत मात्र वेगळं घडलं. समोर एक मुलगी बसली होती आणि मी शेजारी होते. सरांनी विचारलं, "नाव?" तिने सांगितलं. दोन प्रश्न झाले. सरांनी पुन्हा विचारलं, "नाव?" तिने पुन्हा सांगितलं. आणखी एक प्रश्न, आणि पुन्हा "नाव?" मुलगी हुशार होती. तिला वाटलं, हाच प्रश्न आहे. ती हसून म्हणाली, "सर, ऑब्जेक्ट तेच आहे, स्टेट सेम आहे."

सर हसले. "व्हेरी गुड," म्हणाले. पण त्यांचा हात टेबलाखाली माझ्या हाताशी लागला, तर तो गार पडला होता. ती मुलगी त्यांच्याच वर्गातली होती. तिचं नाव त्यांनी पहिल्या दिवशी घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात वहिनी आल्या. वहिनी म्हणजे सरांच्या बायको. महापालिकेच्या एका दवाखान्यात नर्स आहेत. ड्यूटी संपवून थेट आलेल्या, पायात तेच पांढरे बूट. सर तासाला गेलेत हे पाहून त्या माझ्यासमोर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मॅडम, मी रोज पेशंट बघते. मला गोड गोड बोलता येत नाही. यांना जे झालंय ना, त्यात आठवण आधी जात नाही. शब्द जातात. पहिली नावं. वस्तूंची, माणसांची. मग बाकीचं बोलणं. मग समजणं पण."

"औषध?"

"नाही."

"किती..."

"ते डॉक्टर पण नाही सांगू शकत. वय फक्त पन्नास आहे हो त्यांचं." एवढंच त्यांना जड गेलं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि न वापरताच परत ठेवला.

विभागप्रमुख माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता. "बघा मॅडम, पेरेंट्सनी कम्प्लेंट केली तर वाट लागेल आपली. त्यांना लायब्ररीत बसवू या, पगार चालू राहील." सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग शब्द जुळवत, मध्ये थांबत म्हणाले, "बाकी सगळं मॅडमना द्या. मला फक्त पहिलं द्या. पहिलं लेक्चर. सगळ्यांची नावं घेतो, एकदा, शेवटची. मग मी जातो." मी मध्ये पडले. मी वर्गात मागे बसेन, काही अडलं तर उठेन, असं सांगितलं, तेव्हा कुठे होकार मिळाला.

डिसेंबरला अजून अवकाश होता. मी अधूनमधून वाकोल्याला जायला लागले. वहिनी दवाखान्यातून आल्या की तयारी चालायची. स्वयंपाकघराच्या दारात सर उभे राहायचे आणि मी नि वहिनी आत-बाहेर करत वेगवेगळी नावं सांगायचो. वहिनी आपल्या पेशंटांची नावं घ्यायच्या. मी माझ्या सासरची सगळी मंडळी संपवली. शेवटी सर भिंतीला टेकून ती परत म्हणायला बघायचे. सुरुवातीला बरीच यायची. मग चार-पाच. मग एखादं. एकदा त्यांनी रागाने दारावर मूठ आपटली आणि नंतर बराच वेळ तीच मूठ चोळत बसले. वहिनींनी बर्फ आणून दिला.

आणि गंमत बघा. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम मात्र त्यांना लिहिता येत होता. लॅपटॉप पुढे ठेवला की बोटं धडाधड चालायची. क्लास, पब्लिक, प्रायव्हेट, न्यू, सगळं जागच्या जागी. चूक एक नाही. फक्त क्लासचं नाव त्यांनी ए ठेवलं होतं.

"सर, ए? तुम्ही मार्क कापायचात याचे."

"ते... ज्यात बसून ही मला आणते ना, ते."

"रिक्षा."

"हां. ते लिहा तुम्ही."

मराठी जात होती, जावा राहिली होती. मला हे कुणाला तरी विनोद म्हणून सांगावंसं वाटलं, आणि परतताना रिक्षातच रडू आलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि रेडिओ बंद केला.

डिसेंबर आला. वहिनींनी सरांना सकाळीच आणून सोडलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, थोडे जास्तच तेल लावून. त्या स्टाफरूममध्ये थांबल्या. मी वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

सर दारात उभे राहिले. "नाव?" एक नाव आलं. पंजा वर गेला. "पुरे. प्रायव्हेट. ये." पुढचा आला. मग पुढची. आवाज जुनाच, पंजा जुनाच. पोरं नेहमीसारखी आधी गोंधळली, मग खुदखुदली, मग रांगेत उभं राहून आपली पाळी यायची वाट बघायला लागली. सगळे आत आले. सरांनी फळ्यावर प्रायव्हेट लिहिलं, त्याखाली पब्लिक लिहिलं, आणि तुटक-तुटक का होईना, पण समजावलं. वस्तूचे शब्द अडले की हाताने दाखवत होते. पोरांना ती पद्धत वाटली. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग ते फळ्याकडे पाठ करून उभे राहिले.

पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बघितलं. ओठ हलले. नाव आलं नाही. शेजारच्याकडे बघितलं. मग त्याच्या शेजारी. सगळ्या बाकांवरून त्यांची नजर फिरली, अगदी माझ्यापर्यंत आली, आणि माझंही नाव आलं नाही. मी उठायला हवं होतं की बसून राहायला हवं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. वर्गाला वाटलं, सर वाट बघतायत. पुढच्या बाकावरची एक मुलगी, बहुधा ती शांतता सहन न होऊन, म्हणाली, "सर, आमची सगळ्यांची नावं झाली. तुमचं राहिलं ना."

"माझं," सर म्हणाले.

त्यांनी शोधलं. खरंच शोधलं, खिसे चाचपावेत तसं. आणि जे सापडलं ते त्यांनी मोठ्याने सांगून टाकलं. आडनाव. फक्त आडनाव. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये, फळ्यावर, निरोपसमारंभात जे त्यांनी कधी स्वतः उच्चारलं नव्हतं ते.

मागच्या बाकांवर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. किती पटकन बघतात पोरं, अठरा वर्षांचीही. ती पुढची मुलगी मात्र हळूच म्हणाली, "सर, ते तर प्रायव्हेट ना?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. काय झालं ते त्यांना पूर्ण कळलं होतं, हे सगळ्यात वाईट. "हो," ते म्हणाले. "हे कंपाइल व्हायला नको होतं."

पोरं हसली. सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि दाराबाहेर गेले. तास संपायला अजून वेळ होता. मी पुढे येऊन फळा पुसला आणि रिक्षाचं उदाहरण सुरू केलं.

त्यानंतर ते कॉलेजात आले नाहीत. ए आणि बी, दोन्ही डिव्हिजन माझ्याकडे आल्या. पहिल्या दिवशी मी मुकाट फळ्यापासून सुरुवात करते. दारात उभं राहायचा मला अधिकार नाही असं मला वाटतं.

सर गेल्या वर्षी गेले. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, की जाताना एकदम जात नाहीत. जायच्या काही महिने आधी एका रविवारी दुपारी मी वाकोल्याला गेले होते. सर खिडकीशी खुर्चीवर बसले होते. बोलणं पार थांबलं होतं. मी कॉलेजचं काहीबाही सांगत होते, ते माझ्या ओठांकडे बघत होते. वहिनी आत चहा करत होत्या. चहा झाला, आणि त्यांनी आतून हाक मारली. आयुष्यभर ज्या माणसाला त्यांनी "अहो" म्हटलं, त्याला आडनावाने. जे लग्नानंतर त्यांचंही झालेलं.

सर ताडकन उठले. दोन्ही हात अंगाला चिकटवून, मान खाली घालून उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.

कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा आवाज ऐकला. बारीक झाला होता, लहान मुलासारखा. मी घाबरून म्हटलं, "सर, बसा ना." ते बसले नाहीत. मी त्यांच्या दंडाला धरलं. ते हलले नाहीत.

वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या. "नावाने हाक मारून बघितलं, मॅडम. अहो म्हणून बघितलं. काहीच पोचत नाही. जेवायला बोलवायचं, औषध द्यायचं, तर हे एकच चालतं." त्यांचा आवाज खाली गेला. "सासूबाईंनी सांगितलेलं मला. मुंबईला यायच्या आधी, गावच्या शाळेत मास्तर बाकी सगळ्या पोरांना नावाने बोलवायचे. यांना तेवढं आडनावाने. आणि सांगेपर्यंत खाली बसायचं नाही. हे कधी बोलले नाहीत त्यावर. मी पण विचारलं नाही."

तो मास्तर कधीच मरून गेला असेल. तरी मला त्याचा भयंकर संताप आला. सर तसेच उभे होते.

"मग बसतात कसे?" मी विचारलं.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बस," त्या म्हणाल्या. बसा नाही, बस.

तेव्हा सर बसले.